नवजात बाळांवरचा अभ्यास: नोंदी कशा ठेवायच्या, धोका कसा ओळखायचा

अभ्यासात घेतलं जातं तेव्हा बाळाला नाव नसतं. बारशाला अजून अकरा-बारा दिवस असतात. आईचं नाव आधार कार्डावर माहेरचं आणि केसपेपरवर सासरचं. बाळंतपण जालन्याच्या सरकारी दवाखान्यात, सव्वा महिना परभणीकडच्या माहेरी, आणि दिवाळी झाली की आई-बाप-बाळ सगळे कोयता घेऊन कोल्हापूर नाहीतर बेळगावच्या फडावर. मराठवाड्यात नवजातांवर संशोधन करायचं तर नोंदींची सगळी व्यवस्था या एका बाळाला धरून आखावी लागते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयासाठी बनवलेला फॉर्म इथे जशाचा तसा आणला की पहिल्याच महिन्यात बाळं निसटू लागतात. जी निसटतात त्यांत आजारी आणि दगावलेली बाळं जास्त असू शकतात. म्हणून रिकामा रकाना पाहून बाळ बरं असेल असं धरण्याइतकी महागडी चूक या कामात दुसरी नाही.

इथे सांगितलेली पद्धत औषध, लस, उपकरण किंवा शुश्रूषेची एखादी रीत तपासणाऱ्या, जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळांच्या अभ्यासासाठी आहे.

पहिलं बाळ घेण्याआधी

परवानग्यांचा क्रम चुकवू नये. आधी नैतिकता समितीची लेखी मंजुरी, मग सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत अभ्यासाची नोंद, आणि त्यानंतर पहिलं बाळ. १ एप्रिल २०१८पासून सीटीआरआय फक्त आगाऊ नोंदणी घेते, मागाहून घेत नाही. नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर २०१९चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम लागू होतात आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगीही लागते. पूर्णपणे नव्या रेणूची चाचणी असेल आणि सहभागी नवजातांसारखे दुर्बल गटातले असतील, तर संमती घेतानाचं दृक्‌-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. त्या ध्वनिफिती आणि चित्रफिती कुठे, कोणाच्या ताब्यात राहतील हे तेव्हाच लिहून ठेवा.

कळा सुरू झालेल्या बाईसमोर संमतीपत्र धरू नये. गर्भारपणातल्या तपासणीच्या वेळी एकदा समजावून सांगावं आणि बाळंतपणानंतर आई सावरली की पुन्हा विचारावं. संमतीपत्र फक्त मराठीत असून भागत नाही. देगलूरकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कानडी, शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू, तांड्यावर गोरबोली. गोरबोलीचा छापील कागद वाचणारे थोडेच असतात. तिथे तांड्यातलीच बाई सोबत घेऊन तोंडी समजावणं आणि साक्षीदाराची सही घेणं बरं.

याच टप्प्यावर रक्ताचा हिशोब मांडा. नवजाताच्या अंगात दर किलोमागे साधारण ८० ते ९० मिलीलीटर रक्त असतं. युरोपीय औषध नियामकांच्या शिफारशीनुसार संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांपेक्षा जास्त रक्त काढू नये. दीड किलोच्या बाळात ८०च्या हिशोबाने एकूण रक्त १२० मिली; म्हणजे एका वेळी १.२ मिली आणि महिन्याभरात ३.६ मिली. नमुना सांडला म्हणून दुसऱ्यांदा काढलेलं रक्तही यातच धरायचं. बाळाच्या फायलीच्या पहिल्या पानावर रक्ताचा तक्ता लावा: तारीख, किती काढलं, आजवर एकूण किती. हा तक्ता नसला की प्रयोगशाळेला कमी पडलं म्हणून थोडं-थोडं करत मर्यादा कधी ओलांडली जाते ते कोणाला कळतही नाही.

ओळख क्रमांक

"बेबी ऑफ सुनीता" या नावाने एका वॉर्डात एकाच दिवशी दोन बाळं असू शकतात. बाळाची ओळख क्रमांकाने, आणि क्रमांकातच चूक पकडायची सोय हवी. एक सोपी रचना अशी: केंद्राचे दोन अंक, आईचे चार अंक, बाळाचा एक अंक (एकच असेल तर १, जुळी असतील तर जन्माच्या क्रमाने १ आणि २), आणि शेवटी पडताळा अंक.

पडताळा अंक काढायची रीत: पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा आणि बेरीज करा. त्या बेरजेत जितके मिळवल्यावर ११ने पूर्ण भाग जातो, तो पडताळा अंक. उदाहरणार्थ ०३-०१४७-१: ०+२१+०+५+१६+२१+२ = ६५. त्यात १ मिळवला की ६६. म्हणजे पूर्ण क्रमांक ०३-०१४७-१-१. घाईत कोणी ०१७४ लिहिलं तर बेरीज ६८ येते, त्यात १ मिळवून ६९. ११ने भाग जात नाही आणि संगणक तिथेच अडवतो. ज्या क्रमांकाचा पडताळा १० येतो तो वापरायचाच नाही. क्रमांक आधीच काढून, छापून, चिकटपट्ट्यांच्या स्वरूपात केंद्राला द्यावेत. परिचारिकेला गुणाकार करायला लावू नये.

जुळ्यांच्या बाबतीत पट्टी बाळाच्या पायाला बांधल्याशिवाय बाळ आईपासून दूर न्यायचं नाही. एक बाळ अतिदक्षता कक्षात आणि एक आईजवळ, अशा वेळी १ कोण आणि २ कोण यावर घरच्यांचं आणि फायलीचं एकमत राहत नाही. सुरक्षिततेची नोंद चुकीच्या भावंडाच्या नावावर गेली तर ती पुढे सापडणं जवळपास अशक्य.

फॉर्म

संपूर्ण फॉर्मवर अंक एकाच लिपीत लिहायचे असा नियम पहिल्या प्रशिक्षणातच घालून द्या. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा आणि देवनागरी ७ इंग्रजी सहासारखा. आशाताईंची वही देवनागरी अंकांत आणि दवाखान्याचा केसपेपर इंग्रजी अंकांत, हे नेहमीचंच चित्र. १.४ किलोचं बाळ नोंदीत १.८ किलोचं होतं आणि औषधाचा डोस त्यावर ठरतो. दशांशाआधी शून्य हवंच (०.५) आणि दशांशानंतर नुसतं शून्य नको (५.० नाही, ५). नवजातांत दहापट डोस जाण्याच्या चुका या एका टिंबामुळे होतात.

जन्मवेळ २४ तासांच्या घड्याळाने. घरच्यांचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो. "सोमवारी रात्री झालं" याचा अर्थ मंगळवारी ००:१० असाही निघतो. बाळ सातव्या दिवशी गेलं की आठव्या, हे त्या एका तारखेवर ठरतं. जन्माचा दिवस शून्य धरायचा की एक, हे पहिल्या पानावर ठळक लिहा. आशाताईंच्या घरभेटींची मोजणी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाची (घरी बाळंतपण झालं असेल तर पहिला दिवसही), आणि संशोधनाची मोजणी वेगळी असेल तर एकच भेट दोन वेगळ्या दिवसांवर चढते. शक्य तिथे वय तासांत काढावं, आणि तेही संगणकाने.

शेवटची पाळी तारखेने आठवत नसेल तर सणावाराने विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? घटस्थापनेला पाळी होती का? त्या वर्षाचं पंचांग सोबत ठेवा. उत्तराशेजारी ते कशावरून काढलं हे नोंदवा: सोनोग्राफी, तारीख की सण. नुसते "३४ आठवडे" एवढं लिहिलेलं असेल तर त्यावर किती भरवसा ठेवायचा हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

वजनकाटा १० ग्रॅमपर्यंत अचूक हवा आणि रोज सकाळी २ किलोच्या प्रमाण वजनाने तपासायला हवा. तपासणीची वही काट्याला दोरीने बांधलेली बरी. दर महिन्याला सगळ्या वजनांचे शेवटचे दोन अंक पाहा. १० ग्रॅमच्या काट्यावर "००"ने संपणारी वजनं दहात एक यायला हवीत. दहात चार येत असतील तर कोणीतरी अंदाजाने लिहितंय. २,५०० ग्रॅमवर वजनं गोळा होणं हा तर जुना रोग आहे, कारण त्याखालचं बाळ कमी वजनाचं ठरतं आणि कामं वाढतात.

तापमानाचा रकाना मराठवाड्यात वर्षभर सारख्या अर्थाने वाचता येत नाही. नवजाताचं सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात, बाहेर चाळिशी ओलांडलेली, आईचं दूध कमी पडतंय, अशा बाळाचं अंग जंतुसंसर्ग नसतानाही तापतं. त्यामुळे तापमानाशेजारी खोलीचं तापमान आणि शेवटचं दूध कधी दिलं हे दोन छोटे रकाने ठेवा. उन्हाळ्यात आलेल्या तापाच्या ढिगातून खरी गोष्ट निवडायला ते कामी येतात. आणि साधा डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांखाली आकडा न देता "लो" दाखवतो. तेव्हा "लो" हेच लिहायचं, रकाना सोडायचा नाही. सगळ्यात थंडगार पडलेलं बाळ नोंदीतून नाहीसं होण्याची ही हमखास वाट आहे.

रिकामं काहीच सोडायचं नाही. "विचारलं नाही", "विचारलं पण माहीत नाही", "मोजता आलं नाही", "लागू नाही" या चारांना चार वेगळे कोड द्या, आणि ते ऋण संख्येत द्या. वजनाच्या रकान्यात ९९९ म्हणजे "माहीत नाही" असं ठरवलंत तर ९९९ ग्रॅमचं खरंखुरं बाळ कुठे लिहिणार?

रोजचं आणि आठवड्याचं काम

फॉर्म बाळाजवळच भरायचा, त्याच संध्याकाळी पर्यवेक्षकाने वाचायचा, दुसऱ्या दिवशी संगणकात चढवायचा. चूक दुरुस्त करताना आडवी एकच रेघ, शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर कार्यालयात ठेवूच नये. क्रमांक, जन्मतारीख-वेळ, वजन, गट (तपासला जाणारा उपचार मिळालेला की तुलनेसाठीचा) आणि बाळाची अंतिम स्थिती हे रकाने दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे चढवावेत आणि संगणकाने जुळवावेत. बाकीच्या रकान्यांसाठी संगणकात किमान-कमाल मर्यादा घातल्या तरी पुरतं. मात्र मर्यादेबाहेरचा आकडा संगणकाने नाकारू नये, फक्त "खरंच का?" असं विचारावं. नाकारणारा संगणक माणसांना खोटं लिहायला शिकवतो: ६५० ग्रॅम घेत नाही म्हणून ८०० लिहिलं जातं.

शंकांची यादी दर सोमवारी केंद्रांकडे जावी आणि शुक्रवारपर्यंत परत यावी. महिन्याभराने विचारलेल्या शंकेचं उत्तर आठवणीतून नाही, कल्पनेतून येतं. टॅबलेट वापरत असाल तर इंटरनेट नसतानाही चालणारं ॲपच घ्या, आणि भारनियमनाचं वेळापत्रक पाहून चार्जिंगची सोय करा. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

नावं-पत्ते आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलुपात. फॉर्मचे किंवा बाळाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला पहिल्याच दिवशी बंदी घाला. सोयीचं आहे हे खरं, पण एकदा गेलेला फोटो परत येत नाही.

काय घडलं तर कळवायचं

गंभीर प्रतिकूल घटना म्हणजे मृत्यू, जिवावर बेतणं, दवाखान्यात भरती किंवा भरतीचा काळ वाढणं, कायमचं अपंगत्व, जन्मजात व्यंग. व्याख्या सोपी आहे. अवघड आहे ती घरच्यांच्या तोंडून आलेली गोष्ट त्या व्याख्येत बसते हे ओळखणं. "भरती केलं होतं का?" असं विचारल्यावर आजी "नाही" म्हणते आणि पुढच्याच वाक्यात "दोन दिवस काचेत ठेवलं होतं" असं सांगते. काचेत किंवा पेटीत ठेवणं ही भरतीच. "अंगावर पीत नाही", "मलूल पडलं", "पोट उडतंय", "निळं झालं", "डोळे फिरवले" हे शब्द फॉर्मवर जसेच्या तसे छापा आणि प्रत्येकासमोर पुढे काय करायचं ते लिहा. "पोट उडतंय" ऐकलं की श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा; ६० किंवा जास्त असेल तर पुन्हा मोजायचा, तेवढाच आला तर तडक दवाखाना. आधी बाळाला उपचार, फॉर्म नंतर.

अकाली जन्मलेल्या बाळांत श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, आतड्याचा दाह, मेंदूत रक्तस्राव या गोष्टी औषध न देताही होतात. अशा अपेक्षित घटनांची यादी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच हवी, आणि त्यांचं प्रमाण आपल्याच कक्षाच्या मागच्या वर्षा-दोन वर्षांच्या रजिस्टरमधून काढलेलं हवं. अपेक्षित म्हणून ती घटना नोंदीतून गाळायची नाही. ती मोजायची आणि दोन गटांत तुलना करायची. तीव्रता ठरवायला प्रौढांच्या पट्ट्या चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय नवजात गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेली पाच पायऱ्यांची नवजात-तीव्रतापट्टी वापरावी.

मृत जन्म की जन्मल्यावर मृत्यू, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "उपजतच गेलं" असं सांगितलं गेलं तरी तीन प्रश्न विचारावेत: रडलं का, श्वास घेतला का, हातपाय हलवले का. एकाचंही उत्तर "हो" आलं तर तो नवजात मृत्यू.

२४ तास कसे मोजायचे

औषध-लशीच्या चाचणीत मुख्य संशोधकाने गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण (म्हणजेच केंद्रीय औषध नियंत्रक), प्रायोजक (अभ्यासाची जबाबदारी घेणारी संस्था) आणि नैतिकता समिती या तिघांना कळवायची असते. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. कारणमीमांसेसह सविस्तर अहवाल १४ दिवसांत. मृत्यू असेल तर संशोधकाचा अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत समितीने आपलं मत आणि भरपाईबाबतचा अभिप्राय पाठवायचा असतो. औषध नसलेल्या अभ्यासातही समितीला २४ तासांत कळवण्याचीच शिस्त ठेवावी; दोन नियम शिकवले की लोक सैल असलेला पाळतात.

गावातून कार्यालयापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो, म्हणून फॉर्मवर तीन वेळा हव्यात: घटना कधी घडली, गावातल्या कार्यकर्तीला कधी कळलं, मुख्य संशोधकाला कधी कळलं. उशीर नेमका कुठे होतो हे दोन महिन्यांत दिसतं. बहुतेक वेळा तो पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मधे असतो. त्यावर उपाय एकच: चोवीस तास उचलला जाणारा एक फोन, आणि त्यावर सांगायच्या फक्त पाच गोष्टी. क्रमांक, काय झालं, कधी, बाळ आत्ता कुठे आहे, औषध शेवटचं कधी दिलं. रोगाचं नाव विचारू नका. कार्यकर्ती निदानाची खात्री करत बसते आणि रात्र निघून जाते.

मृत्यूच्या घरी त्याच दिवशी एवढंच विचारावं. मृत्यूकारणाची सविस्तर मुलाखत, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीनुसार, दोन-तीन आठवड्यांनी आणि आईला विचारून घ्यावी.

औषधामुळे झालं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या उप्साला केंद्राची वर्गवारी (निश्चित, संभाव्य, शक्य, असंभाव्य वगैरे) सोपी आहे. पण नवजात औषध बंद केल्यावर सुधारला की तीन दिवसांनी मोठा झाला म्हणून सुधारला, हे वेगळं करता येत नाही. त्यामुळे एकेका बाळावरून निर्णय देण्यावर फार विसंबू नये. अमेरिकेत १९५६ साली सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली बाळांत संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या दोन प्रतिजैविक पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. सल्फिसॉक्साझोल मिळालेल्या गटात मृत्यू जास्त निघाले, आणि मेंदूत उतरलेली कावीळही. ते औषध रक्तातल्या प्रथिनावरून बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याला, हुसकावून लावतं, हे नंतर उलगडलं. एकेक बाळ पाहिलं असतं तर ते "अकाली होतं, गेलं" एवढंच दिसलं असतं. फरक दिसला तो दोन गट शेजारी ठेवून मोजल्यावर.

सुरक्षा मंडळाला काय द्यायचं

हे मोजण्यासाठीच स्वतंत्र सुरक्षा देखरेख मंडळ, म्हणजे डीएसएमबी. तीन ते पाच माणसं पुरतात: अभ्यासाशी संबंध नसलेला नवजाततज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, आणि नैतिकतेची जाण असलेली एक व्यक्ती. खुल्या सत्रात संशोधक बसतात आणि अभ्यासात बाळं घेण्याचा वेग, निसटलेली बाळं, नोंदींचा दर्जा पाहतात. बंद सत्रात गटवार आकडे फक्त मंडळासमोर येतात, आणि ते तयार करणारा संख्याशास्त्रज्ञ अभ्यासाच्या चमूतला नसतो.

बैठक कधी घ्यायची हे बाळांच्या संख्येवर ठरवा, शिवाय अचानक बैठकीचा आकडा आधीच लिहून ठेवा. समजा तुमच्या कक्षाच्या जुन्या नोंदींनुसार अशा बाळांत मृत्यूचं प्रमाण १० टक्के आहे. पहिल्या ५० बाळांत ५ मृत्यू अपेक्षित. ते १० किंवा जास्त झाले तर निव्वळ योगायोगाने तसं घडण्याची शक्यता शंभरात अडीचच्या आसपास उरते. अभ्यासात नवी बाळं घेणं थांबवून बैठक बोलवायला एवढं पुरे. उलट बाजूही ध्यानात असू द्या: १०० बाळांत एखादी घटना एकदाही दिसली नाही तरी तिचं खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीनाला बाळांच्या संख्येने भागलं की ही वरची मर्यादा मिळते. फायदा दिसतोय म्हणून अभ्यास लवकर थांबवण्याची अट मात्र कडक हवी (हेबिटल-पेटो पद्धतीत मधल्या प्रत्येक तपासणीला तो फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.००१पेक्षा, म्हणजे हजारात एकापेक्षा, कमी असावी लागते), कारण दर तिमाहीला डोकावलं की कधी ना कधी योगायोग हाती लागतोच.

निसटलेली बाळं

नोंदणीच्या वेळी चार फोन नंबर घ्या: नवऱ्याचा, माहेरचा, शेजारच्यांचा आणि मुकादमाचा. मुकादमाचा नंबर मागायला अनेकांना सुचत नाही, पण फडावरची टोळी कुठे आहे हे त्यालाच ठाऊक असतं. मात्र त्याला अभ्यासाबद्दल किंवा बाळाच्या आजाराबद्दल काही सांगायचं नाही; फक्त निरोप द्यायचा. बाळाची भेट ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे चालेल असं प्रोटोकॉलमध्येच लिहा, आणि दूर असेल तर फोनवरची भेट कशी घ्यायची तेही.

स्थितीच्या रकान्यात "जिवंत", "मृत" आणि "माहीत नाही" असे तीनच पर्याय ठेवा, आणि तिन्हींसोबत "शेवटचं जिवंत पाहिल्याची तारीख" सक्तीची करा. कोणी पाहिलं तेही लिहा: कार्यकर्तीने की फोनवर आजीने सांगितलं. दर महिन्याला "माहीत नाही"ची यादी ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदीशी (कायद्याने मुदत २१ दिवस), प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरशी आणि नवजात अतिदक्षता कक्षाच्या भरती-वहीशी ताडून पाहा. मंडळाला दोन्ही गटांतल्या "माहीत नाही"ची संख्या वेगवेगळी दाखवा. एका गटात ती १२ आणि दुसऱ्यात ३ असेल, तर मृत्यूचे आकडे कितीही सारखे दिसले तरी आणखी बाळं अभ्यासात घेण्याआधी त्या १२ घरांपर्यंत कोणीतरी जायला हवं.

डेटा कुलूपबंद करण्याआधीची, म्हणजे यापुढे एकही आकडा बदलायचा नाही असं ठरवण्याआधीची, शेवटची यादीही हीच. प्रत्येक क्रमांकासमोर स्थिती, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव आहे का ते पाहा. कळवलेल्या गंभीर घटनांची यादी आणि डेटाबेसमधली यादी एकमेकींशी ओळीने जुळवा. एकीत असलेलं आणि दुसरीत नसलेलं एकही बाळ उरलं तर कुलूप लावू नका. त्यानंतर कागद, संमतीपत्रं आणि दुरुस्त्यांचा माग औषध चाचणीसाठी किमान ५ वर्षं जपायचा. मराठवाड्यात कपाट जमिनीपासून उंच आणि वाळवी-प्रतिबंधक केलेलं असावं.